अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. इंदूरच्या मराठी वस्तीत मात्र ती बहुधा अक्षरशः खरी ठरते. रामबागेतल्या जुन्या घरांतून नात्यागोत्यात एखादा डॉक्टर असतोच, आणि जो नात्यातला नसतो तो निदान ओळखीचा निघतो. त्यामुळे जननेंद्रियावर अथवा जांघेत लाली उमटली, खाज सुटली, आग होऊ लागली, की मनुष्य डॉक्टरची पायरी टाळून औषधाच्या दुकानाकडे वळतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, “खाजेचे काहीतरी द्या.” स्त्रिया तर तेवढेही करीत नाहीत.

हा संकोच नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले ते अशाच न बोलल्या जाणाऱ्या विषयांसाठी. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी दंड व्हायचा तो झालाच. आज या विषयावर लिहिल्याबद्दल कोणी कोर्टात खेचत नाही, तरीही आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ‘तिथे’, ‘त्या जागी’ असेच शब्द असतात. असोत. डॉक्टरांना तेवढेही पुरते.

लालीची बहुतेक कारणे निरुपद्रवी असतात. घाम, मांड्यांचे घर्षण, घट्ट कृत्रिम धाग्याचे कपडे, पावसाळ्यात अर्धवट वाळलेली अंतर्वस्त्रे, आणि आपल्या गावापुरते बोलायचे तर रंगपंचमीच्या गेरीत दिवसभर अंगावर राहिलेले रंगाने ओले कपडे. त्यात स्वच्छतेचा अतिरेक भर घालतो. जंतुनाशक द्रव, सुगंधी साबण, पावडर यांनी त्या नाजूक त्वचेची आग वाढतेच. अशा वेळी साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे, सैल सुती कपडे वापरावेत, आणि बाकी सर्व चार-पाच दिवस बंद ठेवावे. एवढ्याने लाली ओसरली तर डॉक्टरची गरज नाही.

खरे नुकसान करते ती दुकानातून आणलेली ट्यूब. जांघेतली कड असलेली, गोलाकार पसरत जाणारी लाली बहुधा गजकर्णाची, म्हणजे बुरशीची असते. दुकानात मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड आणि एखादे प्रतिजैविकही मिसळलेले असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, रोग मात्र आत वाढत राहतो. मलम थांबवले की तो दुप्पट जोराने वर येतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. महिन्यामहिन्यांनी कड पुसट होते आणि डॉक्टरांनाही निदान कठीण जाते. त्वचा पातळ होते, जांघेत जे चिरल्यासारखे पट्टे पडतात ते कायमचेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला; पण नियम कागदावर आणि ट्यूब फळीवर, हे चित्र आपण पाहतोच. भारत व नेपाळमधील रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या एका बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. (इथल्या हिंदीत रोगाचेच नाव ‘दाद’ आहे, हा योगायोग पाहावा.) आता या रोगाचा उपचार आठवडेच्या आठवडे चालतो, आणि घरात आणखी कोणाला असेल तर सर्वांनी तो एकदम घ्यावा लागतो, नाहीतर एकच पंचा तो फिरवीत राहतो.

पुरुषाच्या शिश्नाग्रावर वारंवार लाली व पांढरा थर येणे, स्त्रीला दह्यासारखा स्राव व खाज होणे, हे कधी कधी मधुमेहाचे पहिले चिन्ह असते. तेव्हा रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांमुळे लघवीवाटे साखर जाते व त्यानेही असा त्रास होतो. परंतु गोळी आपल्या मनाने थांबवू नये.

मग डॉक्टरकडे केव्हा जावे? आठवडाभरात लाली उतरली नाही, अथवा पुनःपुन्हा येऊ लागली तर. फोड, जखम, पू, दुर्गंधीचा स्राव, लघवीची जळजळ किंवा ताप असेल तर आठवडाही थांबू नये. नव्या शरीरसंबंधानंतर त्रास झाला असेल तर दोघांनीही तपासून घ्यावे. गरोदर स्त्रीने आणि पाळी गेलेल्या स्त्रीने अंदाज बांधीत बसू नये. पाळी गेल्यावरची आग व पांढरे चट्टे “वयाचे” म्हणून सोडून दिले जातात, आणि न भरणारी जखम क्वचित कर्करोगाची निघते. लहान मुलांची लंगोटाची लाली बहुधा किरकोळ असते. पण थोड्या मोठ्या मुलामुलीला तिथे दुखापत दिसली किंवा मूल कोणाला भिऊ लागले, तर त्याला शांतपणे विचारावे, रागावू नये, आणि डॉक्टरांना दाखवावे.

काही गोष्टींना सकाळची वाट पाहणे परवडत नाही. मागे ओढलेली कातडी पुढे न येणे, अंडकोष एकाएकी सुजून असह्य दुखणे, अथवा मधुमेही माणसाची लाली तासातासाने पसरत जाऊन ताप व तीव्र वेदना येणे. अशा वेळी रात्र असली तरी महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, म्हणजे आपल्या ‘एमवाय’च्या, तातडीच्या विभागात सरळ जावे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या पाटीवर ‘चर्म एवं गुप्त रोग’ असे लिहिलेले असते आणि त्या ‘गुप्त’ शब्दानेच निम्मे लोक परत फिरतात. पाटीकडे लक्ष देऊ नये. जावई डॉक्टर नको असेल तर दुसऱ्या मोहल्ल्यातला पाहावा. स्त्रियांनी स्त्री-डॉक्टर निःसंकोच मागाव्यात. जाण्यापूर्वी त्या जागी काही लावू नये, आणि आजवर जी जी मलमे लावली त्यांच्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, बरोबर न्याव्यात.