एमआरआय लिहून दिला, पण कशासाठी ते कोण सांगणार?

मंडळी, सांध्यात पू झाला की ऑपरेशन करून सांधा धुतात आणि मग काही आठवडे अँटिबायोटिक चालतं. इथपर्यंत सरकारी दवाखान्यात होतं. खरी परवड डिस्चार्जनंतर सुरू होते.

आमच्या मरोळच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्याचं सांगतो. गुडघा धुतला, ताप गेला, पाय वाकायला लागला. दीड महिन्याने ओपीडीत नवीन डॉक्टर भेटले. फाइल नीट न बघता "एमआरआय करून आणा" म्हणाले. सरकारी तारीख लांबची, म्हणून बाहेरून केला. रिक्षाचा हप्ता त्यात गेला. रिपोर्टमध्ये "हाडात सूज" वाचून घरात रडारड.

आता मुद्दा असा, की जंतू मेल्यावरही हाडातली सूज एमआरआयमध्ये कित्येक महिने दिसू शकते. नुसत्या तेवढ्यावरून आजार उलटला असं होत नाही. उलट सुरुवातीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत एक्स-रे अगदी साफ येतो, म्हणून धोका नाही असंही नाही. सांध्यात पाणी पुन्हा भरलंय का, हे स्वस्तातली सोनोग्राफी दाखवते. सीआरपीची साधी रक्ततपासणी दर वेळी केली की आकडा उतरतोय का ते कळतं. आणि ताप, दुखणं, सांध्याची हालचाल हे तर डॉक्टरच्या हातालाच समजतं.

एमआरआय नकोच, असं मी म्हणत नाही. दुखणं पुन्हा वाढलं, सीआरपी चढला, हाडात पू झाल्याची शंका आली, मणक्याचा टीबी असला, तर तो हवाच आणि तातडीने हवा. म्हणूनच विनाकारण लिहिलेला प्रत्येक एमआरआय खऱ्या गरजवंताची तारीख मागे ढकलतो.

१७ डिसेंबर २०१८च्या आगीनंतर मरोळचं कामगार रुग्णालय बंद पडलं, तेव्हा इथल्या कामगारांची किती पायपीट झाली ते आपण पाहिलंय. कूपर काय, जोगेश्वरीचं ट्रॉमा काय, सगळीकडे गर्दी. त्यात रोजंदारी बुडवून येणाऱ्याला फुकटचे हेलपाटे परवडत नाहीत.

मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावरच पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहा. एमआरआय सांगितला तर कारण लिहा आणि पालिकेतच तारीख द्या.

तोवर आपण एवढं करू: जुन्या फिल्म, सीडी, रक्ताचे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवू. आधीचं शेजारी नसेल तर नव्या फोटोवरून सुधारणा कळणार कशी? आणि डॉक्टरांना बिनधास्त विचारू, "साहेब, या रिपोर्टने माझं औषध बदलणार आहे का?"

पटलं तर आपल्या नगरसेवकाला टॅग करा.