प्लास्टर हाडाला घातलंय, माणसाला नाही

घरात कुणाचा पाय मोडला की सगळं घर त्याच्याभोवती फिरू लागतं. चहा हातात, ताट पलंगावर, आणि दर तासाला कुणीतरी बजावतं, "तू मुळीच हलायचं नाहीस." माया खरी आहे, पण डॉक्टरांनी हलवू नका म्हटलं ते मोडलेल्या हाडाबद्दल. आपण अख्ख्या माणसालाच निजवून ठेवतो.

स्नायूचं काम थांबलं की शरीर त्यात नवं प्रथिन भरणं कमी करतं. निरोगी तरुणांच्या पायाला मुद्दाम प्लास्टर घालून पाहिलं, तेव्हा दोन आठवड्यांत मांडीचा पुढचा स्नायू सुमारे ८ टक्क्यांनी बारीक झाला आणि ताकद जवळजवळ पावपट गेली. घट पहिल्या पाच दिवसांतच दिसू लागली होती. म्हाताऱ्या माणसांचं आणखी कठीण. साठी ओलांडलेल्या धडधाकट लोकांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर दोन्ही पायांतलं मिळून साधारण किलोभर मांस गेलं. त्यांचं तर हाडही मोडलं नव्हतं!

"आजीला हल्ली फार थंडी वाजते" ही तक्रारही अशा घरांत ऐकू येते. स्नायू कामाला लागले की त्यांनी खर्च केलेल्या शक्तीतला बहुतेक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. कुडकुडणं म्हणजे ऊब मिळवण्यासाठी शरीराने स्नायूंना जुंपणंच. एका पायाच्या प्लास्टरने अंगाचं तापमान घसरत नाही. पण किडकिडीत, वयस्कर माणूस दिवसभर पडून राहिला तर चालण्याफिरण्याची ऊब मिळत नाही आणि ती तयार करणारं मांसही झिजतं. त्याला गोधडी द्या, मोजे द्या. मात्र बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही.

मग करायचं काय? पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, "काय हलवलेलं चालेल?" बहुधा बोटं हलवायला सांगतात. प्लास्टरच्या आतल्या आत मांडी आवळून पाच आकडे मोजायचे आणि सैल सोडायची, हेही बऱ्याच जणांना चालतं. हात मोडला असेल तर खांदा आणि बोटं आखडू देऊ नका. चांगल्या हातापायाला व्यायाम द्या. त्याने दुसऱ्या बाजूची ताकदही थोडीफार टिकते, हे तपासून पाहिलेलं आहे. परवानगी मिळाली की वॉकर घेऊन उठा.

खाण्यात बकऱ्याच्या पायांच्या सूपवर फार भिस्त ठेवू नका. त्यातल्या जिलेटिनात स्नायूला लागणारे सगळे घटक नसतात. त्यापेक्षा अंडी, दूध, दही, मासे, मटकीची उसळ, डाळ रोज पोटात जाऊ द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

बोटं थंडगार, निळी किंवा बधिर पडली, प्लास्टरमध्ये कळा असह्य झाल्या, पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. हाडवैद्याकडे घट्ट बांबूपट्ट्या बांधून घेऊन हात-पाय कायमचे गमावलेले लोक आपल्याकडे आहेत.

प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक दिसेल, घाबरू नका. पण फिजिओथेरपी दोन-चार दिवसांत सोडूही नका. आकार भरून यायला आणि ताकद परत यायला कित्येक आठवडे, वय जास्त असेल तर महिने लागतात.