रोवणीच्या दिवसांतली बिननावाची गोळी



रोवणी लागली की आमच्या रामपायलीत दुखण्याच्या गोळ्यांना मागणी येते. दिवसभर चिखलात वाकून परे लावणाऱ्या बायांची कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. दुकानदार स्ट्रिप कात्रीने कापतो आणि चार गोळ्या कागदाच्या पुडीत देतो. औषधाचे नाव, मुदत, 'चिठ्ठीशिवाय विकू नये' हा इशारा, सारे दुकानातच राहते.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही औषधे कायद्याने चिठ्ठीचीच आहेत. पण डॉक्टरकडे जायचे तर मजुरी बुडते, हेही खरे. म्हणून निदान नाव तरी कळू द्या, एवढेच मागतो. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. पुडीतली गोळी तीच आहे, हे आईने ओळखायचे कसे?

या गोळ्या शरीरातली जी द्रव्ये अडवून सूज उतरवतात, तीच द्रव्ये जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. धुऱ्यावर आडोसा नसतो, म्हणून बाया मुद्दाम पाणी कमी पितात. अंगातले पाणी घामाने गेलेले, पोट रिकामे आणि वर ही गोळी! बीपीचे औषध चालू असेल तर मूत्रपिंडाला धोका आणखी वाढतो. सिकलसेलच्या रुग्णांची मूत्रपिंडे मुळातच नाजूक, आणि दुखणे उठले की त्यांची पहिली धाव या पुडीकडेच. पावसाळी तापालाही हीच गोळी दिली जाते. तो ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाची भीती असते. तिथे पॅरासिटामॉल बरे, तेही मापात.

२०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, विषारी कफ सिरपने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली; नागपूरला नेऊनही कित्येक वाचली नाहीत. तिथे औषधातच विष होते. इथे औषध चांगले असूनही घात होऊ शकतो, म्हणून जास्त काळजी वाटते.

औषध निरीक्षकांनी बिननावाची पुडी बंद करावी. दुकानदाराने पुडीवर नाव आणि मुदत लिहावी. बीपी, दमा, अल्सर, गरोदरपण यांबद्दल विचारावे. आशाताईंनी हे रोवणीआधी घरोघर सांगावे. आणि बायांनो, गोळी जेवल्यावर, भरपूर पाण्यासोबत घ्या. एका दुखण्यावर दोन दुकानांच्या गोळ्या घेऊ नका. शौचाला काळे झाले, लघवी कमी झाली किंवा पाय सुजले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

— एक वाचक, रामपायली (जि. बालाघाट)