व्हाउचर नाही, तर खर्च नाही: फ्रीजच्या सेन्सरबद्दल थोडेसे



आज विषय थोडा वेगळा आहे. फ्रीज नीट थंड करत नाही, किंवा नको इतका थंड करतो, तेव्हा आपण काय करतो? कारागिराला फोन करतो, तो येऊन पाठीमागे हात लावून बघतो आणि सांगतो, "गॅस गेलाय" किंवा "बोर्ड उडालाय." आपण मान डोलावतो आणि पैसे देतो. माझे मत असे की ही सवय आता सोडायला हवी. मी बी.कॉम. केले तेव्हा पहिला धडा होता की व्हाउचरशिवाय खर्चाची नोंद होत नाही. फ्रीजच्या दुरुस्तीतले व्हाउचर म्हणजे मोजमाप. आकडा दाखवल्याशिवाय भाग बदलू द्यायचा नाही.

आधी थोडी माहिती. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट असतो. त्याच्या बारीक नळीत वायू भरलेला असतो. आत ऊब वाढली की तो वायू फुगतो आणि कॉम्प्रेसर सुरू करतो. ती नळी फुटून वायू निघून गेला, तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये मात्र हे काम सेन्सर करतो. हरभऱ्याएवढा मणी आणि त्याला दोन वायरी, एवढाच तो असतो. एक खालच्या कप्प्यात, एक फ्रीझरकडे आणि बहुधा एक बर्फ वितळवण्याच्या कामासाठी. थंडी वाढली की या मण्याचा विद्युत रोध वाढतो, ऊब वाढली की कमी होतो. बोर्ड तो रोध वाचतो आणि कॉम्प्रेसर चालवायचा की थांबवायचा ते ठरवतो.

आता गंमत बघा. वायर साफ तुटली किंवा दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या, तर बहुतेक फ्रीजना ते कळते. दिवा लुकलुकतो किंवा पडद्यावर एरर कोड येतो. पण सेन्सर थोडासाच खोटे बोलू लागला, तर कोड येत नाही, कारण आकडा बोर्डाला खरा वाटण्यासारखाच असतो. वाणिज्य शिकलेल्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. तेरीज जुळली म्हणजे सगळ्या नोंदी बरोबर आहेत असे नसते. चुकीच्या खात्यात टाकलेली रक्कमही तेरीज जुळवून देते.

माझ्या धाकट्या जावेकडे मागच्या वर्षी हेच झाले. कोथिंबीर काचेसारखी कडक, दुधाच्या पिशवीत बर्फाचे खडे, आणि भावोजींचे इन्सुलिन मागच्या भिंतीला लागून ठेवलेले, तेही गोठले. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. एकदा गोठले की नंतर वितळले तरी वापरायचे नसते, फेकूनच द्यावे लागते. कारागीर म्हणाला, "काकू, बोर्ड गेला. बदलावा लागेल." मी तिथेच होते. म्हटले, "दादा, मीटर आहे ना तुमच्याकडे? आधी सेन्सर मोजून दाखवा." त्याने प्लग काढला, सेन्सर बाहेर घेतला आणि बर्फाच्या पाण्यात धरला. त्या मॉडेलच्या तक्त्याप्रमाणे ० अंशाला सुमारे २८ किलो-ओहम यायला हवे होते. आले १९. म्हणजे बर्फात बुडालेल्या सेन्सरला आपण ९ अंशांवर आहोत असे वाटत होते! बिचारा बोर्ड ते खरे मानून कॉम्प्रेसर पळवत होता. काही शे रुपयांचा सेन्सर बदलला आणि काही हजारांचा बोर्ड वाचला.

तो कारागीर लबाड होता असे मी म्हणत नाही. दिवसाला दहा घरे करणाऱ्या माणसाला अंदाजाने बोलायची सवय लागते. मोजायला लावणे हे घरच्या बाईचे काम आहे.

पण कारागिराला बोलावण्याआधीची अर्धी तपासणी आपली आपणच करू शकतो. एका ग्लासात पाणी घ्या, त्यात साधा थर्मामीटर ठेवा (तापाचा नव्हे, फ्रीजचा किंवा स्वयंपाकाचा) आणि ग्लास मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. पाण्यातच का? दार उघडले की हवा लगेच बदलते, पाणी बदलत नाही. सकाळी दार पहिल्यांदा उघडाल तेव्हाच आकडा वाचा. तो ५ अंशांच्या आत हवा, पण शून्याला टेकलेला नको. फ्रीझर उणे १८ च्या आसपास हवा. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. शेजारी कॉम्प्रेसर चालू होता की बंद, तेही लिहा.

मग वहीच बोलू लागते.

कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि खालचे पदार्थ गोठतात: खालच्या कप्प्याचा सेन्सर ऊब जास्त सांगत असावा. वायरीच्या जोडात ओल शिरली तरी असे होते, कारण ओलीमुळे रोध कमी होतो. थंड हवा सोडणारी झडप उघडी अडकली असेल, तरी हीच लक्षणे दिसतात.

आत ऊब आहे आणि कॉम्प्रेसर तासन्‌तास गप्प: सेन्सर थंडी जास्त सांगत असेल, जोड गंजला असेल, किंवा दोष रिले वा बोर्डात असेल.

फ्रीझर उत्तम पण खालचा कप्पा कोमट: पाठीमागच्या पत्र्याआड बर्फ साचून वारा अडला असेल. तेव्हा बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर आणि पंखा तपासायला सांगा.

वर-खाली दोन्हीकडे ऊब आणि कॉम्प्रेसर अखंड चालू: इथे सेन्सरवर संशय शेवटी. आधी दाराचे रबर बघा. कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सहज निघाली तर रबर सैल आहे. मग मागची जाळी बघा. आपल्या भिवंडीत हे फार महत्त्वाचे. यंत्रमागांच्या गल्लीजवळ राहणाऱ्यांच्या घरात सुताची बारीक रुई उडत येते आणि फ्रीजमागे जाळीवर, कॉम्प्रेसरच्या खोबणीत गोधडीसारखी बसते. उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने महिन्यातून एकदा झाडा. एवढे करूनही फरक पडला नाही, तर गॅसची गळती तपासू द्या.

एक सावधगिरी. सेन्सर काढणे, मीटर लावणे हे कारागिरानेच करावे, तेही प्लग काढून. बर्फ काढायला सुरी खुपसू नका. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए वायू असतो आणि तो पेट घेणारा आहे.

काही जणी म्हणतील, आपल्या घरात शिळे ठेवतच नाही, मग फ्रीजच्या दोन-चार अंशांची एवढी चिंता कशाला? मला उलट वाटते. आपल्या दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस सांगितली आहे. म्हणजे ऊब आणि ओल वाढली की जीवोत्पत्ती लवकर होते, हे धरूनच आपल्या आज्या-पणज्यांचे स्वयंपाकघर चालायचे. फ्रीज ती मर्यादा वाढवून देत नाही. पण दूध, भाजी, औषधे तर त्यात असतातच. आत १२ अंश असताना आपण ४ आहेत असे समजून निर्धास्त राहणे हा प्रमाद झाला.

दुसऱ्या म्हणतील, एवढी कटकट कशाला, दिवाळीत एक्स्चेंजमध्ये नवा घ्या. दुरुस्त होण्यासारखी वस्तू एका मण्यासाठी टाकून देणे मला अपरिग्रहात बसत नाही, आणि हिशेबातही बसत नाही. हां, भिंतीच्या आतली नळी गळत असेल, फ्रीज पंधरा-वीस वर्षांचा असेल, तर नवा घ्या, जुना भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. पण तो निर्णयही मोजल्यावर घ्या.

सरकारनेही हे मान्य केले आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू केले. घरगुती उपकरणे त्यात येतात. दुरुस्तीत फसवणूक झाली असे वाटले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण तिथे बोलायला हातात कागद हवा. म्हणून बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणता भाग बदलला, बदलण्याआधी किती रोध आला आणि तक्त्याप्रमाणे किती हवा होता. जुना भाग परत मागा. तो तुमचाच आहे.

मंदिरात किंवा स्वाध्यायाला भेटलो की आपण लोणच्याच्या बरणीपासून सुनेच्या नोकरीपर्यंत सगळे बोलतो. या आठवड्यात ग्लासात थर्मामीटर ठेवून बघा आणि आपापला आकडा सांगा. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे, त्यांनी आज रात्रीच ठेवा, आणि तोवर इन्सुलिनचा डबा मागच्या भिंतीपासून दूर, मधल्या फळीवर पुढच्या बाजूला सरकवा.