वाळू आपली, चुंबक परक्याचे

भांड्यांच्या दुकानात स्टील पारखण्यासाठी लोहचुंबक लावून पाहणारी गृहिणी नकळत पदार्थविज्ञानातला एक अवघड प्रश्न विचारीत असते. ज्या भांड्यात निम्म्याहून अधिक लोखंड आहे, त्याला चुंबक चिकटू नये, हे कसे? प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वभावतःच एक सूक्ष्म चुंबक असतो. परंतु बहुतेक पदार्थांत त्यांच्या विरुद्ध दिशांच्या जोड्या जमतात आणि परिणाम शून्य होतो. लोखंड, कोबाल्ट व निकेल यांत काही इलेक्ट्रॉन एकटे राहतात आणि शेजारच्या अणूंतील एकट्या इलेक्ट्रॉनांना आपल्याच दिशेला वळवतात. क्रोमियम-निकेल मिसळून अणूंची मांडणी बदलली की ही एकजूट जुळत नाही. शुद्ध लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले तरी ती मोडते.

मात्र साधे लोखंड जितक्या सहज चुंबक बनते तितक्याच सहज ते चुंबकत्व गमावते. दिशा कायम धरून ठेवणारे काहीतरी त्यात मिसळावे लागते. निओडिमियम ते काम करतो. त्याच्या अणूतील इलेक्ट्रॉनांचा मेघ गोलाकार नसल्यामुळे तो स्फटिकात एकाच दिशेला जखडून बसतो. लोखंड, निओडिमियम आणि थोडे बोरॉन यांचा हा चुंबक जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेतील जनरल मोटर्स यांनी १९८३ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधला. तो तेव्हाच का शोधला गेला, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. तोवरचे बलवान चुंबक कोबाल्टवर अवलंबून होते आणि १९७८ मध्ये झाईरमधील शाबा प्रांतातील लढाईने कोबाल्टचे भाव गगनाला भिडवले होते.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण असे, की ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा धातू व त्यांपासून बनणारे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि त्या उन्हाळ्यानंतर पुण्याच्या बजाज ऑटोलाही विद्युत स्कूटरच्या उत्पादनाला कात्री लावावी लागली. जगातील अशा चुंबकांपैकी सुमारे नव्वद टक्के चीनमध्ये तयार होतात. वस्तुतः केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत निओडिमियम आहे, आणि इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी १९५० पासून अस्तित्वात आहे. पण त्या वाळूत थोरियम असल्याने तिचा सारा व्यवहार अणुऊर्जा खात्याच्या छायेत राहिला. वाळूपासून ऑक्साइडपर्यंत आपण पोहोचलो. धातू, मिश्रधातू आणि चुंबक या पुढच्या पायऱ्या मोठ्या प्रमाणावर चढण्याची निकड कोणाला भासली नाही. स्वस्त चिनी माल मिळत असताना ती भासावी तरी कशी?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. योजना स्वागतार्ह आहे. पण प्रोत्साहनाचा मोठा भाग विक्रीशी निगडित आणि पाच वर्षांपुरता आहे. त्यानंतर चीनने भाव पाडले तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१०-११ च्या भडक्यानंतर भाव कोसळले आणि अमेरिकेतील माउंटन पास खाणीची मालक असलेली मॉलिकॉर्प कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानने मात्र त्याच काळात ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला कर्ज देऊन तिच्या मालाचा दीर्घ मुदतीचा पुरवठा स्वतःकडे राखून ठेवला आणि ती कंपनी तगली. आपल्या योजनेला अनुदानाइतकीच अशा खात्रीच्या ग्राहकाची गरज आहे. वाहन कारखानदारांनी थोडा अधिक भाव देऊन भारतीय चुंबक घेण्याचे करार आजच केले पाहिजेत. संकट ओसरल्यावर ते कोणी करणार नाही.

आणखी एक अडचण आहे. मोटारीच्या उष्णतेत चुंबकाने दिशा सोडू नये म्हणून त्यात डिस्प्रोसियम घालतात. आपल्या वाळूत तो जवळजवळ नाही. तेव्हा कारखाने उभे राहिले तरी तो बाहेरूनच आणावा लागेल.