राजवाडा आणि नोंदवही

बीजिंगच्या मध्यभागी असलेला ‘निषिद्ध नगर’ हा राजवाडा मिंग सम्राट योंगले याच्या आज्ञेने १४०६ ते १४२० या काळात उभा राहिला. सुमारे ७२ हेक्टरांचे आवार, भोवती जवळजवळ १० मीटर उंच तट आणि ५२ मीटर रुंद खंदक! सामान्य प्रजेला आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती.

शत्रूला रोखणारी ही वास्तू अग्नीपुढे मात्र दुबळी होती. खांब, तुळया आणि छपराचा भार पेलणारे, एकमेकांत गुंतविलेले आधार हे सारे लाकडाचे. वास्तुप्रवेशाला वर्षही लोटले नव्हते, तोच १४२१ मध्ये वीज पडून तीन मुख्य दालने भस्मसात झाली. पुढे अंगणाअंगणांत पाण्याने भरलेले धातूचे प्रचंड रांजण ठेवण्यात आले. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव पेटवीत.

परंतु एका आगीवर हे रांजण उपाय नव्हते. १९१२ मध्ये राज्य गेले, तरी पदच्युत सम्राट पूयी आतच राहत होता. मौल्यवान वस्तू नाहीशा होत असल्याचे ध्यानात येताच त्याने कोठारांची मोजदाद फर्मावली. ती सुरू झाली आणि जून १९२३ मध्ये दुर्मीळ वस्तूंनी भरलेला च्येनफू प्रासाद एका रात्रीत जळाला. चोरी झाकण्यासाठी सेवकांनीच आग लावली, असा संशय पूयीने आत्मचरित्रात नोंदविला आहे. नुकसानीचा आकडा पुढे आला खरा. पण मूळ साठ्याचाच हिशेब भरवशाचा नव्हता, तेव्हा ताळा कशाशी घालावा?

१९२४ मध्ये पूयीला राजवाडा सोडावा लागला आणि खरी मोजणी सुरू झाली. दालनात एकट्याने जायचे नाही, काम संपताच दाराला मोहोर लावायची, असा दंडक होता. यादीतील पहिली वस्तू रत्न नव्हते, सुवर्णही नव्हते. दारापाशी ठेवलेले दोन पायऱ्यांचे साधे लाकडी स्टूल होते. जे प्रथम दिसले, ते प्रथम लिहिले. अशा प्रकारे ११ लाख ७० हजारांहून अधिक वस्तू कागदावर आल्या. १० ऑक्टोबर १९२५ रोजी तेथे संग्रहालय उघडले आणि निषिद्ध दार प्रजेला खुले झाले.

१९३३ मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने १३ हजारांहून अधिक पेट्या दक्षिणेकडे हलविल्या गेल्या. कोणत्या पेटीत काय आहे, हे सांगता आले ते या मोजणीमुळेच.

तट आणि खंदक बाहेरच्या चोराला अडवितात. आतल्या हाताला आवर घालतो तो चोख हिशेब.