सहज जाता जाता : घरचं श्रीखंड आणि रस्त्यावरची पोर्शे



गेल्या महिन्यात बेसमेंट आवरताना मुलाची एक खेळण्यातली पोर्शे सापडली. दारावर 36 आकडा. चिरंजीव आता स्वतः दोन मुलांचे बाप आहेत, पण फोनवर सांगताच ओरडले, "बाबा, टाकू नका हं! ती ल माँची गाडी आहे. चीटिंगवाली!"

ही चीटिंगची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समधल्या ल माँ शहरात दरवर्षी चोवीस तासांची मोटार शर्यत होते. पोर्शेच्या 962 गाडीनं ती 1986 आणि 1987 साली जिंकली. पुढे अशा निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांचे दिवस भरत आले. 1994 साली आयोजकांनी रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांना उत्तेजन म्हणून 120 लिटरची टाकी दिली; शर्यतीच्या गाड्यांना मात्र 80 लिटरचीच. टाकी मोठी म्हणजे थांबे कमी.

पोर्शेचे इंजिनियर नॉर्बर्ट सिंगर यांनी हा नियम नीट वाचला. योखेन दाउअर हा जर्मन रेसर जुन्या 962 चंच रस्त्यावर चालेल असं रूप तयार करत होता. शेजारी दुसरी सीट, आतून चामड्याचं अस्तर, सामानाला छोटा कप्पा आणि वर नंबर प्लेट. झाली रस्त्याची गाडी! इंजिन सातशेहून अधिक हॉर्सपॉवरचं. अशा गाड्या जेमतेम डझनभर बनल्या. मग या 'रस्त्याच्या गाडी'ची शर्यतीची आवृत्ती ल माँला उतरली. उलटी गंगाच की!

शेवटचे दीड-दोन तास उरले असताना आघाडीवरच्या टोयोटाचा गिअर बिघडला आणि दाउअर पोर्शे पुढे गेली. यानिक दाल्मास, माउरो बाल्दी आणि आपल्या अमेरिकेचा हर्ली हेवूड जिंकले. दुसरी दाउअर तिसरी आली. पुढे आयोजकांनी ही पळवाट बुजवली.

तेव्हा चिरंजीव अकरा वर्षांचे. मी त्याला लेक्चर दिलं, "नियमाचं अक्षर पाळलं, पण अर्थ मोडला. ही चीटिंगच!" तो शांतपणे म्हणाला, "मग तुमचं श्रीखंड?"

आमच्या मंडळाच्या गणपतीत नियम होता, पदार्थ घरी केलेला हवा. ही इंडियाला गेलेली. मी दुकानातून श्रीखंडाचे डबे आणले, वरून केशर आणि चारोळी घातली, आणि आमच्या पातेल्यात काढून नेलं. काकू-मावश्यांनी रेसिपी विचारली. मी सांगितलीसुद्धा!

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, पोर्शेवाल्यांनी काही लपवलं नव्हतं. गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी होती; तपासनिसांनी पाहिली आणि पास केली. पळवाट खरी, पण उघड्यावरची. मी मात्र रिकामे डबे कचऱ्याच्या पिशवीत तळाशी दडवले होते, आणि ते पोरानं पाहिलं होतं. चीटिंगवाली गाडी कुठली, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

पोर्शे आता माझ्या टेबलावर आहे. या गणपतीत चक्का घरी बांधायचा विचार आहे. नाही जमला तर दुकानाचा डबा लेबलासकट मांडीन. रेसिपी विचारू नका म्हणजे झालं!